आत्याबाईंचा ए.सी.

त्या दुपारी आई बंद गाडीत घामाघूम होऊन बसली होती आणि मी मागच्या सीटवर पुस्तक वाचत होते. गाडी अंगणातच उभी, इंजिन चालू, काचा वर. हवा येते त्या जाळीत आईने शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर खोचला होता आणि दूध उतू जाईल की काय अशा नजरेने ती त्याच्याकडे बघत होती. विज्ञानाच्या बाई म्हणून निवृत्त झाली, तरी प्रयोग काही सुटले नव्हते.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी. आजोबांनी आईला दिलेली. मान राखल्याशिवाय जागची हलायची नाही, म्हणून आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. ती बनली तेव्हा गाडीत ए.सी. असतो हे तिच्या कारखान्यालाही ठाऊक नसावं. पन्नाशीत आईला अचानक गरम वाफा यायला लागल्या. भर थंडीत ती घामाने ओली व्हायची. तेव्हा तिने बाहेरून ए.सी.चं सामान मागवलं आणि मिस्त्रीला हाताशी धरून स्वतः बसवलं. पण ए.सी. कधीच धड चालला नाही.

"बघ," आई म्हणाली, "सुरुवातीला कशी गुणी असते. इंजिन जरा तापलं की रुसते."

"आत्याच ती," मी पुस्तकातून डोकं न काढता म्हणाले.

बाबांनी बाहेरून काचेवर टकटक केलं. "काय मॅडम, झाला का बर्फ? नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा. काच उघडा, वारा फुकट मिळतो."

आई हसली. ती नेहमीच हसायची. मी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. झोपेतच.

काही आठवड्यांनी बाबांनी गाडीला गिऱ्हाईक शोधलं. जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस. त्याची एकच अट होती, गाडी मूळ रूपात हवी. म्हणजे ए.सी. उपटायचा आणि त्यासाठी पाडलेली भोकं बुजवायची. बाबांनी गाडी मिस्त्रीकडे पोचवली आणि मला फोन केला.

"काढताना तू तिथे उभी राहा. मला नाही जमायचं."

"बरं," मी म्हणाले. आमच्या घरात बरं म्हणायचं काम माझ्याकडे होतं.

गॅरेजमध्ये मिस्त्री स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तयारच होता. त्याने डॅशबोर्डखालचा पहिला स्क्रू सैल केला, आणि मला आईचं पोट चिरायला निघालेला माणूस दिसावा तसं झालं.

"थांबा," मी म्हणाले.

"काय झालं, ताई?"

"काढायचा नाही. दुरुस्त करायचा."

"अहो, गॅस भरून झाला, बेल्ट बदलला, पंखा बदलला. बाईंनी माझ्याकडून काय काय करून घेतलं. आता काय अंगाई म्हणू याला?"

"म्हणा. पण स्क्रू परत आवळा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाईंवर गेलात," तो म्हणाला आणि स्क्रू आवळला.

मला गाड्यांमधलं कळत नाही. वाचून जेवढं कळतं तेवढंच. पण आईची पद्धत माहीत होती. आधी नुसतं बघायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी इंजिन चालू करायला लावलं आणि जाळीसमोर हात धरून बसले. हवा आधी छान गार. इंजिनचा काटा वर चढला, तशी कोमट. बिघाड ए.सी.त असता तर त्याने इंजिन तापायची वाट कशाला पाहिली असती?

"मिस्त्री, या गाडीला हीटर आहे ना?"

"आहे की. पण बंद आहे. हा बघा खटका, बंद."

"खटका बंद आहे. हीटर बंद आहे का?"

आम्ही बॉनेट उघडलं. इंजिनमधलं गरम पाणी दोन रबरी नळ्यांतून हीटरकडे जातं. मी आत जाणाऱ्या नळीला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. दुसरीही तशीच, म्हणजे गरम पाणी हीटरमधून फिरत होतं. पाणी अडवणाऱ्या तोटीपर्यंत खटक्याची तार पोचत होती, पण तिला धरणारी क्लिप निसटली होती. खटका सरकायचा, तार नुसतीच वाकायची, तोटी उघडीच. डॅशबोर्डखालच्या एकाच खोक्यात एका बाजूने ए.सी. गारवा करत होता आणि दुसऱ्या बाजूने हीटर तो गिळत होता.

मिस्त्रीने तोटी पकडीने पिळून बंद केली. थोड्या वेळाने जाळीतून असा वारा आला की माझ्या हातावर काटा उभा राहिला.

"च्यायला," मिस्त्री म्हणाला. मग जीभ चावली. "बाई हव्या होत्या."

त्याने नवी क्लिप बसवली. तोवर मी गिऱ्हाइकाला फोन करून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. तो नाराज झाला. होऊ दे.

घरी बाबा फाटकाशी उभे होते. डॅशबोर्डकडे त्यांची नजर गेली.

"हे काय? काढला नाहीस?"

"बसा, बाबा."

बसले. मी गाडी मोठ्या रस्त्याला घातली. मग त्यांनी जाळीसमोर तळवा धरला.

"गार येतंय," ते म्हणाले. "पण उद्या माणूस येणार आहे."

"येणार नाही. मी त्याला नको म्हणून सांगितलं."

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही."

"ही अंगणात दिसली की मला घराबाहेर पाय टाकवत नाही. तुला काय कळणार?"

"मग मी माझ्या घरी नेते. अंगण मोकळं होईल. पण विकायची नाही आणि ए.सी. काढायचा नाही."

ते बाहेर बघत राहिले. मग जुनी सवय ओठांवर आली. "आईचं बर्फाचं दुकान आता लेक चालवणार म्हणायचं."

मी गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.

"बाबा, तिला उकडायचं. ती आजारी माणसासारखी भिजायची आणि तुम्ही थट्टा करायचात. ती हसायची, म्हणून तुम्हाला वाटायचं सगळे हसतायत. मी नाही हसले. मला राग यायचा तुमचा, दर वेळी. अजून येतो."