कोटाची उजवी बाही

मास्तरांनी मोठ्या कात्रीच्या टोकाने ती वस्तू उचलली, हात लांब धरून खोलीच्या दुसऱ्या बाजूला नेली आणि सुनेच्या टेबलावर अलगद सोडली. मग कात्री रुमालाने पुसून जागेवर ठेवली.

"तुझा माल माझ्या टेबलावर आला होता," ते म्हणाले.

"चावत नाही हो ती, बाबा," सून मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

चाळीस वर्षं मास्तरांनी कोट शिवले होते. वकिलांचे, नवरदेवांचे, एका जादूगाराचा तर अकरा खिशांचा. दुकान बंद केलं तेव्हा त्यांचं टेबल, मशीन आणि जड इस्त्री घरच्या पुढच्या खोलीत आली, आणि तीन महिन्यांपूर्वी त्याच खोलीत सून आली. कपड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात ती नमुने बनवायची. एके दिवशी नोकरी सोडून घरी आली आणि जेवताना शांतपणे सांगून मोकळी झाली, की आता ती स्वतःचं काम सुरू करणार, बायकांच्या चड्ड्या शिवणार. मुलाने मान डोलावली, त्याला आधीच ठाऊक होतं. मास्तरांना जोराचा ठसका लागला. त्यांच्या बायकोने, जिला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणायची, पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि सुनेला विचारलं, भाजी आणखी वाढू का.

तेव्हापासून मास्तर त्या वस्तूला 'माल' म्हणत. दुसरा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

सुनेचं काम मात्र अडलं होतं. चौकातल्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी पहिला नमुना ताणून पाहिला, गालाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, देखणा आहे. पण देखणेपणावर त्या भाळणाऱ्या नव्हत्या. तीन वेगवेगळ्या बांध्याच्या बायकांनी आठवडाभर वापरून बघायचं, आणि तिघींनी हो म्हटलं तरच त्या पाचशे नग घेणार होत्या.

इथेच तर घोडं पेंड खात होतं. नुसतं सुती कापड घेतलं, तर ते घाम टिपायचं, कढत पाण्यात धुता यायचं, पण चार दिवसांत पिशवीसारखं लोंबायचं. ताणाचं कापड अंगाला सुरेख बसायचं, पण आत हवा खेळायची नाही, मग खाज आणि पुरळ. लेस लावली तर डोळ्यांना सुख आणि मांडीला काच. स्वच्छता, आराम आणि रूप, यांतली दोन जमली की तिसरं निसटायचं. बेडकं तागडीत तोलण्यातला प्रकार. मुलगा म्हणाला, रूप सोडून दे, आत घालायची वस्तू. त्यावर सून तडकली. वस्तू ओबडधोबड असली की बाई ती लपवते, लपवायची म्हणून अंधारात वाळत घालते, आणि दमट राहिली की मग डॉक्टरांच्या पायऱ्या चढते, असं तिने त्याला सुनावलं. दारामागे वाळत पडलेल्या टॉवेलकडे तेव्हा तिने मुद्दाम पाहिलं नाही. त्या टॉवेलखाली सासूचे आतले कपडे असत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे.

वापरून बघायला एक ती स्वतः होती. दुसरी शेजारची नर्स, अंगाने भरलेली, बारा बारा तास उभी. तिसरी कुणीतरी वयस्क हवी होती, ती मिळेना. सासूला विचारायचं सुनेच्या ओठांवर चारदा आलं आणि चारदा तिने गिळलं. त्यातच थोराड मापाचा एक नमुना कुठेतरी गहाळ झाला. तिने खण उपसले, कचऱ्याची टोपली उलटी केली आणि शेवटी स्वतःच्याच वेंधळेपणाला बोल लावून गप्प बसली.

नर्सने पहिल्याच आठवड्यात निकाल दिला. सकाळी छान वाटतं, पण दुपारनंतर मांडीजवळची शिवण काचायला लागते आणि वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जाताना जीव नकोसा होतो. सुनेने शिवण बारीक केली, उलटी केली, सपाट केली. काच काही जाईना.

त्या गुरुवारी सकाळी ती तीच शिवण सातव्यांदा उसवत होती. ब्लेड घसरलं आणि कापडच फाटलं. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिली.

मास्तर स्वतःच्या शर्टाला इस्त्री करत होते. कारागिराचे हात असे मांडीत पडलेले त्यांना बघवत नसत. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, खुर्ची ओढली आणि सुनेच्या टेबलाशी येऊन बसले.

"कागद दे," ते म्हणाले. "माल नको. मालाचा कागद दे."

तिने कापायचा नमुनाकागद पुढे केला. मास्तरांनी तो उलटा फिरवला, खालचं टोक वर केलं, आणि चष्मा पुसून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तिला एका बँडमास्तरची गोष्ट सांगितली. तो माणूस दोन दोन तास हात वर करून वाजवणाऱ्यांना इशारे द्यायचा आणि महिन्याला एक कोट काखेत फाडून आणायचा. मास्तरांनी दोरा जाड केला, शिवण दुहेरी केली, कोट फाटायचा तो फाटायचाच. शेवटी एका संध्याकाळी ते बागेत गेले, बँडकडे पाठ न फिरवता पण कानही न देता, फक्त त्याची काख बघत उभे राहिले.

"शिवण घडीत ठेवू नये," ते म्हणाले. "अंग जिथे दुमडतं तिथे नुसतं कापड हवं. शिवण बाजूला सरकवायची आणि मधे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा घालायचा. मग हात कसाही वर कर."

"पण बाबा, ही काख नाही."

"ते काय आहे ते मला कळतं. आपण काख समजू."

आणि त्यांनी काख समजूनच चालवलं. मांडीचा घेर ती बाही झाली, कमरेची पट्टी कॉलर झाली, आणि मालाचा बघता बघता कोट झाला. सुनेला पहिल्यांदा हसू आवरेना, पण दहा मिनिटांत तीही तसंच बोलू लागली. कोटाला आतून दुहेरी मऊ सुती अस्तर, पांढरं, उकळत्या पाण्याला न भिणारं. बाहेरून ताणाचं कापड. लेस बाहीच्या काठाला नकोच, ती वर, जिथे खिसा असतो तिथे, अंगाला न लागता. दोघांची डोकी कागदावर वाकली होती. मास्तरांनी पेन्सिलीने बाहीच्या पुढच्या बाजूला शंकरपाळं काढलं.

मास्तरीणबाई कधीच्या दारात उभ्या होत्या. हातात घडी घालायचे टॉवेल होते, पण एकाच टॉवेलाची घडी त्या तिसऱ्यांदा घालत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या कोटाची उजवी बाही मागून काचते. पुढून नाही."

सुनेने कागदावरून मान वर केली.

"खुर्चीवरून उठताना," त्यांनी टॉवेलाकडे बघतच पुढे सांगितलं. "तुम्ही तुकडा पुढे लावताय. मागे घ्या."

सुनेचे डोळे हळूहळू मोठे झाले. "आई, तो थोराड मापाचा..."

"मीच घेतला. म्हटलं दोन दिवस घालून बघावा आणि गुपचूप धुऊन परत ठेवावा." त्या थांबल्या. "मग ठेववेना."

"काचत होता तरी?"

"अगं, काचायला सगळेच काचतात. हा कमी काचला."

सून उठली, सासूच्या गळ्यात पडली आणि इतकी हसली की टॉवेल खाली सांडले. मग तिने मास्तरांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि दूध उतू जातंय म्हणत आत पळाली. गॅसवर दूध नव्हतं.

मास्तर खुर्चीत बसून होते. अर्ध्या गावाची मापं त्यांच्या बोटांत होती. माणूस दारातून आत येताना त्याचा कोणता खांदा उतरलेला आहे हे त्यांना दिसायचं. घरातल्या माणसाला उठताबसता काय होतं, हे त्यांना बेचाळीस वर्षांत दिसलं नव्हतं.

ते उठले. खुंटीवरची टेप त्यांनी गळ्यात टाकली, दार लोटलं आणि मापांच्या वहीचं कोरं पान काढलं.

"सरळ उभी राहा," ते म्हणाले.

"काहीतरीच तुमचं."

"गिऱ्हाइकाने माप देताना बोलू नये. माप चुकतं."

त्यांनी टेप कमरेभोवती घेतली. मास्तरीणबाईंनी पोट आत ओढलं.

"श्वास सोड. सगळे हेच करतात, आणि मग कोट घट्ट झाला म्हणून मलाच बोलतात."

त्यांनी श्वास सोडला आणि तो सोडता सोडता त्यांना हसू फुटलं, लहान मुलीला गुदगुल्या झाल्यावर फुटतं तसं. मास्तरांनी टेप पुन्हा धरली. आकडा दोनदा वाचला. कंबर, घेर, कमरेपासून बसल्यावर खुर्चीपर्यंतचं अंतर. एकेक आकडा ते वहीत नीट लिहीत गेले.

"रंग?" त्यांनी विचारलं. सवयीने विचारलं, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे तसं.

मास्तरीणबाईंना हा प्रश्न कुणी विचारलेला नसावा. त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"डाळिंबी," त्या म्हणाल्या. "आणि ती लेस, खिशाजवळची, ती असू दे."

आत घालायच्या कपड्याला डाळिंबी रंग कशाला, हे मास्तरांच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण ज्याने उभा जन्म कोटांना आतून रेशमी अस्तरं लावली, त्याने हे कुठल्या तोंडाने विचारावं. त्यांनी पेन्सिल ओली केली आणि लिहिलं, डाळिंबी.

शनिवारपर्यंत तीन नमुने तयार झाले. शंकरपाळं मागे गेलं होतं आणि मास्तरांनी ते स्वतःच्या हाताने बसवलं होतं, नजर समोरच्या भिंतीवर ठेवून, पण बसवलं होतं. सहाव्या दिवशी नर्स कामावरून परतताना दारात थांबली. कसं वाटलं, असं सुनेने विचारल्यावर ती गोंधळली. सकाळी काय घातलं होतं ते ती साफ विसरूनच गेली होती. सुनेने ते वाक्य खडूने भिंतीवर लिहून ठेवलं.

आठवडा भरल्यावर मालकीणबाई आल्या. त्यांनी नमुना ताणला, गालाला लावला, अस्तर उलटं करून शिवण शोधली आणि ती सापडायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी तिसऱ्या बाईंना विचारलं. मास्तरीणबाई खुर्चीवर बसल्या, उठल्या, खाली वाकून जमिनीवरची सुई उचलली आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच होत नाही. तेच तर."

पाचशे नग ठरले. या नमुन्याचं नाव काय, असं मालकीणबाईंनी विचारलं, तेव्हा सून म्हणाली, बँडमास्तर. त्यांना संदर्भ कळला नाही, पण नाव आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर चहासाठी स्वयंपाकघरात आले तर तिथे मास्तरीणबाई नव्हत्या. मागच्या अंगणात नाहीत, शेजारी नाहीत. सुनेलाही काही सांगितलेलं नव्हतं. दाराशी त्यांच्या चपला नव्हत्या. मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले, मग दारात, मग पुन्हा खिडकीशी. तासाभराने त्या कोपऱ्यावरून वळून आल्या. चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते, आणि त्या हात हलवत, भरभर, चक्क ढांगा टाकत येत होत्या.

"नदीच्या पुलापर्यंत गेले होते," त्या पायरीवर बसत म्हणाल्या. "पलीकडे बाग झालीय. तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरांना माहीत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी दोघं रोज संध्याकाळी त्या पुलापर्यंत जात. दुकानातून आलेले मास्तर जाता-येता कापडाबद्दल बोलत, कोणती लोकर दबते आणि कोणती फुगते, आणि त्या ऐकत. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, तुम्ही या जाऊन. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. बायको आपल्या बडबडीला कंटाळली, हे मास्तरांनी मनाशी धरलं. आठवडाभर ते एकटे गेले आणि मग त्यांनीही सोडलं. का येत नाहीस, हे त्यांनी विचारलं नाही. चालताना काचतं, हे मास्तरीणबाईंनी सांगितलं नाही.

मास्तर आत जाऊन पलंगाखाली वाकले आणि आपले बूट ओढून काढले. त्यांच्यावर बोटभर धूळ होती.

संध्याकाळी दोघं निघाले. मास्तरीणबाई पुढे आणि मास्तर दोन पावलं मागे, कारण त्यांना ती चाल गाठता येईना. पहिल्या वळणापर्यंत कुणीच काही बोललं नाही. मास्तरांना धाप लागली होती, आणि ती दिसू नये म्हणून ते नाकाने श्वास घेत होते.

मास्तरीणबाई थांबल्या नाहीत. फक्त त्यांनी चाल जराशी हळू केली आणि मान न वळवता म्हणाल्या,

"असे गप्प काय चालताय? बोला ना. कापडाचं बोला."