सोवळ्यातली दोरी

ढुंढिराजच्या उजव्या तळहातावर फोड आले होते. प्रेमला आमटी वाढायला वाकली तेव्हा तिला ते दिसले. सहा वर्षं ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या हाताला घट्टे असतात. फोड कुठले यायला?

"अहो, हे काय झालं?"

"काही नाही. गाडी जरा डावीकडे ओढते. धरून ठेवावी लागते."

"जरा म्हणजे किती?"

त्याने भात कालवणं थांबवलं आणि आवाज खाली आणला, कारण पलीकडच्या खोलीत वडील जप करत होते. "मारकुंडीच्या उतारावर ब्रेक दाबला की दरीच्या बाजूला जाते. गेल्या खेपेला कठड्याचा दगड घासून गेला."

"आणि आज परत तिकडेच?"

"ओबऱ्याच्या धरणाचे पाइप भरून उभे आहेत. दोन हमाल बरोबर येणार. बारा वाजता निघायचंय. काशीनाथ मिस्त्रीने सकाळी पुन्हा मोजलंय सगळं." तो उठला, चूळ भरली आणि दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढून गेलासुद्धा.

प्रेमला ताटाकडे बघत बसली. अर्धा भात तसाच होता. ट्रकच्या पुढच्या डाव्या टायरची आतली कड झिजते, हे रडगाणं ती दोन महिने ऐकत होती. मिस्त्रीने दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड नवा बसवून पुढची चाकं सरळ केली, नवा टायर घातला. तीन आठवड्यांत त्याचीही आतली कड गेली. पुन्हा मोजलं, पुन्हा बरोबर भरलं. बरोबर भरतं तर झिजतं का? आणि ओढतं का?

तिची नजर देवघराबाहेरच्या खुंटीवर गेली.

खुंटीला सासऱ्यांची आखणीची दोरी होती. शिवरामभट म्हणजे काशीतल्या यज्ञांची कुंडं आखणारं घराणं. ती दोरी सोवळ्याशिवाय कुणी शिवत नसे. ढुंढिराजला मुंजीपासून ती धरायला शिकवली होती आणि त्याने ती खुंटीला टांगून ट्रकचं चाक हाती धरलं. तेव्हापासून शिवरामभटांनी घरात ट्रकचं नाव काढलं नव्हतं. गल्लीत गाडी शिरत नाही, त्यामुळे त्यांना ती दिसलीही नव्हती. प्रेमलाच्या माहेरीही हीच विद्या. तिच्या वडिलांना, अण्णांना, मुलगा नव्हता, म्हणून दोरीचं दुसरं टोक लहानपणी तिच्याच हातात असे.

आत जपाची माळ चालू होती. प्रेमलाने दोरी उतरवली, पिशवीत घातली आणि ओवळ्या लुगड्यानेच बाहेर पडली. मैदागिन चौकापर्यंत ती जवळजवळ धावली, तिथून रिक्षा केली.

चौकाघाटच्या ट्रकअड्ड्यावर पोचली तेव्हा हमाल पाइपांवर चढून बसले होते. इंजिन सुरू होतं.

"थांबवा," ती म्हणाली.

ढुंढिराज खाली उतरला. तिच्या हातात काय आहे ते पाहून त्याचा चेहरा उतरला. "बाबांची दोरी? इथे, या तेलाग्रीसमध्ये? विचारलंस त्यांना?"

"विचारलं असतं तर दिली असती?"

काशीनाथ मिस्त्री हात पुसत आला आणि हसला. "पंडिताइन, ये मशीन है, हवन नहीं."

"भैया, पुढची दोन चाकं तुम्ही एकमेकांशी मोजलीत," ती म्हणाली. "मागच्यांशी पुढची मोजली कुणी?"

मिस्त्रीने खांदे उडवले. वरून हमाल ओरडला, "चलो गुरु, धूप चढ़ रही है!"

प्रेमला नवऱ्याकडे वळली. "कुंडाच्या बाजू चारदा मोजल्या तरी अण्णा कर्ण धरल्याशिवाय वीट ठेवू देत नसत. तुमच्या घरची रीत वेगळी आहे का?"

ढुंढिराज मिस्त्रीच्या पेटीकडे वळला. त्याने तिच्यातून ओळंबा काढला.

पुढच्या आसाला डावीकडे आणि उजवीकडे सारख्याच जागी ओळंबा सोडून खाली फरशीवर खडूची खूण केली. मागच्या आसालाही तशाच दोन. मग ढुंढिराजने ट्रक सावकाश पुढे घेतला आणि मोकळ्या फरशीवर चार पांढऱ्या फुल्या राहिल्या, खुंट्या ठोकण्याआधी कुंडाच्या राहतात तशा.

एक टोक त्याने धरलं, एक तिने. पुढची उजवी फुली ते मागची डावी. प्रेमलाने दोरी ताणली, नख रोवलं आणि तिथे गाठ मारली. मग दुसरा कर्ण: पुढची डावी ते मागची उजवी. इथे गाठ खुणेवर यायला हवी होती. ती खुणेच्या पलीकडे गेली.

तिने बोटं लावून पाहिलं. "दीड अंगुळ."

"ढील होगी रस्सी में," मिस्त्री म्हणाला. त्याने तिच्या हातातून टोक घेतलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून ताणलं. एकदा. पुन्हा उलट बाजूने. तिसऱ्यांदा त्याने दोरी सोडली आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

पुढचा आस डावीकडून मागे सरकला होता. पुढच्या दोन चाकांपुरतं मोजलं की सगळं सरळ, कारण दोन्ही चाकं आसाबरोबरच फिरली होती. वाकडा होता तो आस.

जॅक लावला, पुढच्या आसाला डाव्या स्प्रिंगच्या पाट्यांशी बांधणारे यू-बोल्ट सोडले. पाट्यांना आसावर जागच्या जागी धरणारा मधला बोल्ट मिस्त्रीच्या तळहातावर आला, दोन तुकड्यांत. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता. उरलेला अर्धा चकचकीत होता, ताजा. नुसत्या यू-बोल्टच्या पकडीवर आस बसला होता आणि प्रत्येक ब्रेकला थोडा थोडा मागे सरकत होता.

"मारकुंडी में..." मिस्त्रीने वाक्य पुरं केलं नाही. वर बघून ओरडला, "उतरो दोनों! आज गाड़ी नहीं जाएगी."

ढुंढिराज फुटबोर्डवर बसला. फोड आलेला हात त्याने मांडीखाली घातला होता. "मला येत होतं गं हे," तो म्हणाला. "दोन महिने मी मिस्त्रीच्या मागे मागे हिंडलो, आणि हे मला येत होतं."

प्रेमला घरी परतली तेव्हा शिवरामभट बाहेरच्या ओट्यावर बसले होते. आतली रिकामी खुंटी त्यांनी पाहिली असणारच. तिने दोरी पुढे केली. ग्रीसने काळी, मधे नवी गाठ.

"मामंजी, चुकलं माझं. पण..."

त्यांनी दोरी हातात घेतली. काळ्या डागांवरून नाही, गाठीवरून अंगठा फिरवला.

"कर्ण धरलास?"

"हो."

"फरक?"

"दीड अंगुळ."

"दुसरं टोक कुणी धरलं होतं?"

"ह्यांनी. ट्रकच्या आसाचा बोल्ट तुटला होता."

त्यांनी दोरी सावकाश गुंडाळली. खाली घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं, त्याचा आवाज येत होता.

"उद्या नवा बोल्ट घालतील, तेव्हा कर्ण पुन्हा धरायला हवा," ते म्हणाले. "घालताना सरकतं." मग ओट्याखाली वाकून वहाणा शोधत त्यांनी विचारलं, "गाडी उभी कुठे असते त्याची?"