आईने मागितलेली वाइन

आई निवृत्त होईपर्यंत बस चालवायची. तिने कधी दारूच्या थेंबाला स्पर्श केला नाही. लोकांना वाटायचं, नोकरीमुळे. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. बाबा वाइन प्यायचे. साधी, तांबडी, स्वस्तातली. आधी जेवणाबरोबर, मग जेवणाआधी, शेवटी जेवणाऐवजी. मुलं शाळेत होती तेव्हाच ते गेले. अंत्यविधी उरकल्यावर दुसऱ्याच दिवशी आई पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसली. तेव्हापासून बाबांचा विषय घरात निघाला नाही.

आता तिच्या अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. पलंग पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणला होता, कारण तिथून रस्ता दिसायचा आणि कोणता ड्रायव्हर वळण चुकीचं घेतो हे आईला पडल्या पडल्या सांगता यायचं.

धाकटा मुलगा तिच्याजवळच राहायचा. तो खिडक्यांना काचा बसवायचा. चाळिशी उलटली तरी सगळ्यांचा बाळूच. एकदा त्याने तिला विचारलं, "वाढदिवसाला काय आणू तुला?"

"वाइन."

"काय?"

"वाइन. गाठ माझ्या घशात आहे, तुझ्या कानात नाही. तुझे बाबा प्यायचे ती आण."

बाळूने घरी येणाऱ्या नर्सला विचारलं. "चमचाभर द्या की. आता पथ्य कसलं?" ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येताच मान खाली घालून बॅग आवरायला लागली.

ताईला फोन केला तर ती भडकली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ज्याने घर धुळीला मिळवलं तेच तिच्या तोंडात घालणार?"

"तिनेच मागितलंय, ताई."

"ती काहीही मागेल!" ताईने फोन ठेवून दिला.

वाइनच्या दुकानांना बाळूने बाहेरून कितीतरी काचा बसवल्या होत्या, पण गिऱ्हाईक म्हणून तो पहिल्यांदाच आत गेला. दुकानाची मालकीण हसून पुढे आली.

"कशाबरोबर हवीय? जेवण काय आहे?"

"जेवण नाही. भेट द्यायचीय. आईला."

"अरे वा! काय आवडतं त्यांना?"

"कधी घेतलीच नाहीये तिने."

"मग सौम्य द्या. ही बघा, घशाला अजिबात लागणार नाही."

बाळूचं लक्ष तिच्या हातातल्या बाटलीकडे नव्हतं. सगळ्यात खालच्या फळीवर बाबांची ती बाटली उभी होती. हिरवं झाकण, लेबलवर उडी मारणारं हरीण. ते हरीण त्याला बुटांच्या मागे सापडायचं, सिंकखाली सापडायचं, एकदा तर त्याच्या दप्तराच्या कप्प्यात सापडलं होतं. तेव्हा त्याने ती बाटली ओतून दिली आणि पाणी भरून होती तिथे ठेवली. बाबांनी घोट घेतला, त्याच्याकडे बघितलं. रागावलेच नाहीत. नुसते रडले.

बाळूला त्या फळीपर्यंत वाकताच येईना. "ती सौम्यच द्या," तो म्हणाला.

वाढदिवसाला दुपारी ताई आली. तोंड फुगलेलं होतं, पण आली. आईला उशांवर टेकवून बसवलं. बाळूने बूच काढलं, चमच्यात थोडी ओतली आणि तिच्या ओठांशी नेली. आईने नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"ही ती नाही."

"अगं, ही चांगली आहे, भारीतली..."

"भारीतली कुणी मागितली होती? त्या माणसाच्या शेजारी इतकी वर्षं झोपले मी. वास कळत नाही होय मला?"

बाळूने चमचा खाली ठेवला. ताई खिडकीबाहेर बघत होती. वळून न बघताच ती म्हणाली, "जा बाळू. आण तीच."

तो परत गेला. या खेपेला वाकला. मालकीण म्हणाली, "ही लोक स्वयंपाकात घालायला नेतात हो. भेट कशी द्याल?"

"तिला हीच हवीय," एवढंच तो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने झाकण फिरवलं तसा तो वास खोलीभर पसरला. ताईने पदराने नाक झाकलं. आईने मात्र डोळे मिटून तो आत घेतला. "हं. हीच." तिने चमचा तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि मोठ्या कष्टाने गिळला. "आणखी."

दुसऱ्या चमच्यानंतर तिने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"आंबट आहे रे नुसती. मला वाटायचं, काहीतरी असेल हिच्यात. ज्याच्यापुढे माणसाला बायको दिसत नाही, पोरं दिसत नाहीत, असं काहीतरी. सवतीवर जळावं तशी जळले मी हिच्यावर, जन्मभर. आणि हिच्यात तर काहीच नाही." तिने ताईचा हात धरला. "मग मी कुठे कमी पडले गं?"

"तू कुठेच कमी पडली नाहीस, आई."

"मग?"

ताईने तिचे डोळे पुसले. आई लहान मुलीसारखी रडत राहिली, आणि रडता रडता झोपली.  थोड्याच दिवसांत ती गेली.

सगळं आटोपल्यावर बहीण-भाऊ पुढच्या खोलीत पलंगाचे स्क्रू काढत बसले होते. ताईने एक बाजू उचलून धरली होती.

"बाळू, आपण तिला कधी सांगितलंच नाही."

"काय?"

"की आपल्यालाही तेच वाटायचं. की आपणच कुठेतरी कमी पडलो."

बाळूच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थांबला. "तुलाही?"

"रोज," ताई म्हणाली.

त्याने मान हलवली आणि फळीची दुसरी बाजू धरली. पलंगाची फळी दोघांच्या हातात तशीच राहिली. ती खाली ठेवायचं दोघांनाही सुचलं नाही.