समासातली उत्तरं

प्रकाशनसंस्थेत तिला तिच्या नावानं कुणी हाक मारल्याला कित्येक वर्षं लोटली होती. पाठीमागे सगळे वेलांटीबाई म्हणत, तोंडावर नुसतं बाई. एकतीस वर्षं तिनं मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, तपासली होती. एकदा पाठ्यपुस्तकात 'शिक्षक दिन' ऐवजी 'शिक्षक दीन' छापलं जायचं तिनं ऐन वेळी टाळलं, तेव्हा खिळे जुळवणारा जुळारी म्हणाला होता, "राहू द्या की बाई, चूक कुठंय त्यात?" आणि अख्खी खोली हसली होती. आता त्या खोलीत हसायला दुसरं कुणी उरलं नव्हतं. पाच टेबलांपैकी चारांवर न खपलेल्या पुस्तकांची खोकी रचलेली होती.

मालकांची मुलगी कारभार बघू लागली, तशी एक दिवस ती बाईंच्या टेबलाशी येऊन बसली. लहानपणी याच टेबलाखाली बसून ती बाईंच्या पेन्सिलींना टोकं काढायची.

"काकू, खरं सांगू? मुलं आता वाचत नाहीत, ऐकतात. शाळेचा धडासुद्धा कानात घालून ऐकतात. यापुढं आपली पुस्तकं फोनवर, आवाजात. आणि ऐकताना ऱ्हस्व-दीर्घ कुणाला कळतंय?"

"मला कळतं," बाई म्हणाल्या.

मुलगी हसली, पण त्यात थट्टा नव्हती. "म्हणून तर तुम्हाला सोडणार नाही. गुरुजींचं एवढं पुस्तक कागदावर तपासा. मग तुम्ही आवाज तपासायचा."

गुरुजी म्हणजे एक निवृत्त शिक्षक. मुलांसाठी त्यांनी सतरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या आणि सतराही बाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. दोघांची कधी गाठभेट झाली नव्हती. बोलणं व्हायचं ते पानाच्या कडेच्या समासात. बाई पेन्सिलीनं बारीक प्रश्न लिहायच्या, पानं गुरुजींकडे जायची आणि उत्तरं घेऊन परत यायची. पूर्वी ही उत्तरं एका शब्दाची असत. पण गेल्या काही वर्षांत गुरुजी खुलले होते. एकदा बाईंनी विचारलं होतं, "घर सुने झाले की सुन्न झाले?" उत्तर आलं, "सुने. सुन्न माणूस होतो. घर बिचारे सुनेच होते."

नवरा गेल्यापासून अकरा वर्षं बाई रोज संध्याकाळी कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरत होत्या. लेक दूरच्या शहरात होती, तिचा दर रविवारी फोन यायचा. तरी त्या घराला काय झालंय, ते इतक्या नेमक्या शब्दात कुणी सांगितलं नव्हतं. आणखी एकदा समासात लिहून आलं होतं, "जेवण वेळेवर करता ना? पान ८८ वरची चूक तुमच्या नजरेतून सुटली, म्हणून विचारले." ते पान बाईंनी घरी नेऊन कपाटात ठेवलं होतं.

शेवटच्या पुस्तकाची मुद्रितं तयार झाली, तेव्हा ती पोचवायला ऑफिसात माणूसच नव्हता. टपालानं पाठवता आली असती. पण बाईंनी इस्त्रीचे कपडे घातले, गठ्ठा पिशवीत घातला आणि त्या स्वतःच निघाल्या.

दार गुरुजींच्या सुनेनं उघडलं. चाळिशीची, ओले हात पदराला पुसत आलेली. "प्रकाशनातून आले," असं ऐकताच ती जरा बावरली. खिडकीपाशी खुर्चीत गुरुजी बसले होते, दोन्ही कानांत इयरफोन, डोळे मिटलेले.

"गुरुजी, मी तुमची मुद्रितं तपासते," बाई जवळ जाऊन म्हणाल्या.

गुरुजींनी एका कानातला इयरफोन काढला. "मुद्रितं? अजून तपासतं का कुणी?" मग नवं खेळणं दाखवावं तसं ते उत्साहानं म्हणाले, "मी हल्ली ऐकतो. दीडपट वेगानं! आठवड्याला तीन पुस्तकं होतात."

"तुमची उत्तरं फार छान असतात."

"कसली उत्तरं?" असं म्हणून त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि इयरफोन पुन्हा कानात घातला.

सुनेनं बाईंना स्वयंपाकघरात नेलं, पाणी दिलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"सहा वर्षं झाली त्यांची दृष्टी जाऊन," ती खाली बघत म्हणाली. "पुस्तक ते फोनला सांगतात, फोन टाइप करतो. तुमचे प्रश्न आले की आधी मी वाचून दाखवायचे. मग ते म्हणायला लागले, तुला सुचेल ते लिही."

बाईंनी पेला ओट्यावर ठेवला. "सुने की सुन्न, ते?"

"मीच."

"आणि जेवणाचं?"

"तेही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्यांच्या जुन्या वह्या बघून अक्षर गिरवलं हो. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही विचारायचं बंद केलं असतं. हे बरोबर की ते, असं मला कोण विचारतंय? शाळा सुटल्यावर मी पुस्तक हातात धरलं नव्हतं. तुमच्या प्रश्नांपायी त्यांची सगळी पुस्तकं वाचली."

बाईंना रागवायचं होतं, पण राग नेमका कुणावर काढायचा ते ठरेना. "अठ्ठ्याऐंशी पानावरची चूक माझ्याकडून खरंच राहिली होती," एवढंच त्या म्हणाल्या आणि गठ्ठा ओट्यावर ठेवून निघाल्या.

रस्त्यानं चालताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. सहा वर्षं त्यांनी मनात एक म्हातारा बाळगला होता. तो जाड भिंगांचा चष्मा लावून, शाईचं पेन उघडून, विचार करकरून त्यांना उत्तर लिहायचा. तो कुठंच नव्हता. शब्द होते तेच होते, एक कानाही बदलला नव्हता. तरी कुणीतरी वारल्यासारखं त्यांना वाटत राहिलं, आणि हे सुतक कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. रविवारी लेकीनं विचारलं, "आवाज का असा?" तर त्या म्हणाल्या, "सर्दी."

पुस्तक छापलंच गेलं नाही. मालकांच्या मुलीनं ते थेट फोनवर काढायचं ठरवलं. बाईंना हेडफोन मिळाले, संगणकाचा पडदा मिळाला. यंत्राचा आवाज वाचायचा, आणि बाईंनी दोनपैकी एक बटण दाबायचं: 'ठीक' किंवा 'पुन्हा'. काही विचारायचं असेल तर त्याला जागा नव्हती. गोडसर, न दमणारा आवाज. मांजर हरवलं काय आणि आई गेली काय, त्याला सगळं सारखंच. पण उच्चारात खोट काढायला वाव नव्हता. बाई दिवसभर 'ठीक' दाबत राहायच्या.

तीन आठवड्यांनी टपालानं जाड पाकीट आलं. मुद्रितं. आता त्यांची कुणालाच गरज नव्हती, तरी चाळीसच्या चाळीस प्रश्नांना उत्तरं होती. अक्षर गुरुजींचं नव्हतं. गोल, सरळ, शाळकरी मुलीचं असावं तसं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं, "हे मला माहीत नाही. तुम्हीच सांगा." शेवटच्या पानाच्या तळाशी फोन नंबर होता.

दोन दिवस बाईंनी तो नुसता पाहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लावला.

"मी... प्रकाशनातली बाई."

"हो हो. बोला ना."

पण बोलणं पुढं सरकेना. हवापाणी झालं, गुरुजींची तब्येत झाली, आणि दोन्हीकडं नुसता श्वास ऐकू येऊ लागला.

"बाई, मला तुमच्याशी बोलता नाही हो येत," शेवटी सूनच म्हणाली. "लिहिताना कसं सुचायचं."

"मलाही," बाई म्हणाल्या. मग त्यांना एकदम सुचलं. "दुसरं पुस्तक आहे का घरात? वाचून दाखवता का थोडं?"

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पानं उलटली गेली. सून वाचू लागली, अडखळत, मध्येच कुकरकडं बघायला थांबत. कुठं 'श' चा 'स' झाला, कुठं स्वल्पविराम गिळला गेला. बाईंनी सगळं ऐकलं आणि एकाही जागी तिला अडवलं नाही. दीड पान झालं असेल, तोच पलीकडून गुरुजींची हाक आली. त्यांच्या फोनची बॅटरी संपली होती, ते ऐकत असलेलं पुस्तक बंद पडलं होतं.

"जाते हं," सून घाईनं म्हणाली. "पुढचं..."

फोन कट झाला. घरात अंधार पडला होता. फोन कानाशी तसाच धरून बाई दिवा लावायला उठल्या.