भाऊजींच्या रक्ताची काचपट्टी

मायक्रोस्कोप बोलतोय मी. डोळा लावू नका, आज जरा कान द्या.

भिंगं घासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला एकच काम नेमून दिलं: बारीक असेल ते मोठं करून दाखवायचं. मग खोक्यात बसून मी या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत आलो आणि बाईंच्या हाती लागलो. बाई माझं फार करतात. माझ्यावर धूळ दिसली तर शिकाऊ पोरींची काही खैर नसते.

पूर्वी बाई पलीकडच्या एक्स-रे खोलीत होत्या. त्यांचा दीरही तिथेच. मशीन जुनं, किरण अडवणारा शिशाचा ॲप्रन एकच. रडणारी पोरं धरून ठेवायची आणि फोटो काढायचा, अशी तिथली पद्धत. ॲप्रन भाऊजी पोराच्या आईला घालायचे. बाईंना दिवस गेले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही बाहेर पडा. तुमची ड्यूटी मी करतो. दोन-चार महिन्यांचा तर प्रश्न!"

बाई माझ्याकडे आल्या त्या कायमच्याच. परत जायचं त्यांच्या मनात यायचं, पण भीती वाटायची, आणि भाऊजींनी कधी विषय काढला नाही. बाई एकट्या असल्या की पुटपुटतात, म्हणून मला हे ठाऊक.

यंदा भाऊजींच्या रक्तात पांढऱ्या पेशी कमी भरल्या. डॉक्टरांनी गुणसूत्रं बघायला सांगितली. नमुना द्यायला आले तेही थट्टा करतच. "रक्त घ्या वहिनी, पण चहा पाजा. फुकट काही मिळणार नाही."

काचपट्टी माझ्याखाली आली. गुणसूत्राला एकच कंबर असते. इथे दोन कमरांची दिसली, तुटके तुकडे दिसले. किरणांचा मार बसला की असं होतं. बाईंनी माझं भिंग पुसलं. पाहिलं. पुन्हा पुसलं. धूळच असावी असं त्यांना किती वाटत होतं! मलाही. जमलं असतं तर मी धूसर झालो असतो. इतकं स्वच्छ दाखवल्याची मला लाज वाटली.

नमुना खराब झाला म्हणून सांगावं, असं बाईंच्या मनात येऊन गेलं. काचपट्टी त्यांनी उचललीही. मग परत ठेवली आणि भाऊजींना बोलावलं.

"हा रक्ताचा कॅन्सर नाही. पण त्याच्या वाटेवरचं आहे. होईलच असंही नाही. मात्र आजपासून त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

भाऊजींनी बराच वेळ मला डोळा लावला. "मला तर नुसते किडेच दिसतायत."

बाई हसल्या नाहीत. "माझ्यामुळे झालं हे, भाऊजी. मी परत यायला हवं होतं."

"आला असतात, तर आज या खुर्चीत बसून मी तुमचं रक्त बघत असतो." ते उठले. "मला ते जमलं नसतं, वहिनी."

ते गेले. बाई पुन्हा माझ्यावर वाकल्या आहेत, धड पेशी शोधत. तशा पुष्कळ सापडतात, पण बाईंचं समाधान होत नाही.

बाई, पुरे आता. उठा. भाऊजी अजून जिन्यातच असतील.