गेटवरची झडती

“हे कोणाला पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो,” असं म्हणत देवीदासांनी स्टूल ओढलं आणि ते नेमके मॉनिटरच्या आडवे बसले. मॉनिटर बंद होता. तरी त्यांची सून हर्षा मघापासून त्याच्याकडेच बघत होती.

वेळेआधी जन्मलेलं बाळ तिच्या छातीशी, शालीच्या आत बांधलेलं होतं. सकाळीच सिस्टर रश्मीने त्याच्या पायाला लावलेली मॉनिटरची तार काढली होती. आजचा दिवस मशीनशिवाय निघाला, तर उद्या घरी. कालही काढली होती. पण बाळाचा श्वास क्षणभर थांबला आणि हर्षाने रडून ती परत लावायला लावली. “दीदी, छोटे बच्चे इतना रुकते हैं,” रश्मीने समजावलं होतं. हर्षाला पटलं नव्हतं.

“बाबा, सरका ना जरा.”

“बंद मशीनीत काय पाहून राहिली? ऐक. हा तुझा नवरा जन्मला तेव्हा माझ्या जेवणाच्या डब्यात मावायचा.”

“बाबा, सुरू नका होऊ,” पिशवीत टोपी-मोजे भरता भरता अश्वजीत म्हणाला.

“तू झोपून होता, तुला काय माहीत? शर्टाच्या आत बांधलं याला आन् सायकलवर खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात, ड्यूटीवर. गेटवर झडती. शिपाई म्हणे, ‘अंदर क्या है?’ म्हटलं, दिल है भैया. त्यानं हात ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणे, ‘अबे, ये तो दो हैं!’”

रश्मी खुदकन हसली. हर्षालाही हसू फुटलं. त्या हसण्याने बाळ हललं, तसा तिचा हात शालीवरून त्याच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला.

“मग?”

“मग काय! दिवसभर मी पेट्या उचलल्या, हा छातीवर झोपला. श्वास असा बरोब्बर, की फोरमन त्यावर घड्याळ लावायचा. आपल्या खानदानाचं आहेच तसं. ही माझी नात पाहा. एकसारखा श्वास घेऊन राहिली. मधे जरासुद्धा खंड नाही!”

हर्षाने डोळे मिटले होते.

“खोटं, बाबा,” ती हळूच म्हणाली. “मधे थांबते ती. आत्ता थांबली... हं, घेतला.”