फुलाकडे बघ

डेपोत सगळे त्याला तोफखाना म्हणत. एखादी बस जरा उशिरा लागली की हा ड्रायव्हरवर असा सुटायचा, की रांगेतले प्रवासी माना वळवून बघायचे. घरीही तोच दारूगोळा. निवृत्त झाल्यावर रक्तदाब वाढला, डॉक्टरांनी खडसावलं, आणि कुणीतरी त्याला फुलावर ध्यान करायला शिकवलं. एक फूल समोर ठेवायचं. रंग, पाकळ्या, देठ, नुसतं बघत राहायचं. मन भरकटलं की पुन्हा फुलाशी आणायचं.

त्याला ते मानवलं. आवाज खाली आला. शेजारी त्याच्या बायकोला म्हणाले, "काकू, सुटलात तुम्ही!"

काकू कसल्या सुटतायत? त्या लोकांचे कपडे शिवायच्या, आणि ध्यानाला ह्याला नेमकी त्यांचीच शिवणाची खोली हवी होती. खिडकीचा उजेड तिथे चांगला. रोज सकाळी हा त्यांच्या टेबलावर फुलदाणी मांडायचा, समोर खुर्ची टाकायचा, की मशीन बंद. कात्री आपटायची नाही. गिऱ्हाइकाने बेल दाबायची नाही. आजवर ह्याच्या ओरडण्याला भिऊन गप्प राहिल्या, आता ह्याच्या शांतीला भिऊन गप्प राहायचं. काकू आतल्या आत धुमसत होत्या.

एका दुपारी समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर ड्रेस न्यायला आली. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीचा पदवीदान समारंभ होता, त्यासाठी पांढरा लांब ड्रेस शिवायला दिला होता. काकूंनी टेबलावरचा इस्त्री केलेला ड्रेस उचलला, घडी मोडली, आणि त्यांचा हात तिथेच थांबला. छातीवर चांगला रुंद नारिंगी फराटा.

"काकू, हे काय?"

"इस्त्रीचा गंज लागला असेल... कसं झालं कळत नाही."

"देण्याआधी बघायचं तरी! उद्या मुलीने घालायचं काय? तुमच्यावर सोडून निर्धास्त राहिले, हीच चूक झाली माझी."

"पुढचा भाग नवा लावते. सकाळी आठच्या आत घरी आणून देते."

डॉक्टर तडक निघून गेली. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने काकूंना असं ऐकवलं नव्हतं. त्या शिवण उसवायला बसल्या, पण ब्लेड दोनदा टाक्यावरून घसरलं. तिसऱ्यांदा कापडात जाईल अशी भीती वाटली.

तोफखाना दारात आला. "एवढा त्रागा कशाला? रागाने डाग जातो का? ये, बस इथे. फुलाकडे बघ."

"मला काम आहे."

"पाचच मिनिटं. श्वास घे. मनात काही आणायचं नाही, फक्त बघायचं."

त्या मऊ आवाजाने काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण हात स्थिरावेपर्यंत तसंही काही करता येणार नव्हतं. त्या बसल्या.

टेबलावरच्या फुलदाणीत लिली होती, पांढरीशुभ्र. पाकळ्या मागे मुडपलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध फिकट हिरवी रेघ. मधून बारीक दांड्या निघालेल्या आणि त्यांच्या टोकांना दाट नारिंगी पूड. एक टोक मात्र बोडकं होतं. काकूंनी दुसऱ्या टोकाला बोट लावलं. बोट नारिंगी झालं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग ड्रेसकडे. फराटा वरून खाली ओढलेला होता, ओल्या बोटांनी पुसावा तसा.

"लागलं ना मन?" त्याने खुशीत विचारलं.

"तू पुसलास," काकू म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"काय?"

"फुलाची पूड पडली. तू ओल्या हाताने पुसलीस, ती आणखी पसरली. मग डाग आत जाईल अशी घडी घालून ठेवलीस. ती बाई मला बोलत होती तेव्हा कुठे होतास?"

"आत... आतच होतो."

"ऐकत होतास."

"सांगणारच होतो गं. पण तू चिडली असतीस, आणि घरात सध्या जरा शांतता आहे, तर—"

"चिडले असते! मग? तू चिडायचास तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी राहायचे. मी एकदा चिडले असते तर तुझं काय बिघडणार होतं?"

तोफखाना धडाडला. "नवऱ्याशी बोलायची ही रीत? एका फडक्यासाठी?" शेजारचं दार उघडलं. काकूंनी नजर खाली घेतली नाही. तो दम घ्यायला थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं? चप्पल घाल. दवाखान्यात यायचंय. नाही आलास तर मी एकटी जाऊन सगळ्यांदेखत सांगते."

शेजारीण दारातून बघत होती. त्याने चप्पल घातली.

बाकावर गाल धरून बसलेल्या पेशंटांसमोर तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," काकू म्हणाल्या. "आवाज आहे तुला."

"डाग माझ्यामुळे पडला," तो म्हणाला. "आणि मी लपवला. माफ करा."

डॉक्टर ओशाळली. "काकू, मी उगाच तुम्हाला..."

"ड्रेस आठच्या आत मिळेल," एवढंच बोलून काकू वळल्या. डॉक्टरवरही त्यांचा राग होताच.

ड्रेस वेळेवर गेला. परत येऊन काकूंनी खोलीत जाऊन आतून कडी लावली आणि मशीन सुरू केलं. फुलदाणी आणि खुर्ची घेऊन तो दाराशी आला, आणि शेवटी दोन्ही घेऊन स्वयंपाकघरात गेला.

शेजारी म्हणाले, आता सोडा की, माफी मागितली त्यांनी. काकू म्हणाल्या, "कुणाची? डॉक्टरची."

काही दिवसांनी दाराबाहेर कप ठेवल्याचा आवाज आला. त्याने स्वतः चहा केला होता, दूध जरा जास्तच घातलं होतं. काकूंनी कप आत घेतला आणि पुन्हा कडी लावली.